बाजूला ठेवलेले अर्ज

मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मी इतिहास शिकवला. दरवर्षी एक प्रश्न हमखास घालायचे: अमेरिकेतली गुलामगिरी कोणी नष्ट केली? एका राष्ट्राध्यक्षाचं नाव लिहिलं की दोन गुण. पुस्तकात तेवढंच होतं आणि मीही कधी त्याच्या पलीकडे डोकावले नाही. शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मोटारीतून पाच दिवस हिंडले आणि तो प्रश्नच चुकला होता हे कळलं. त्या पाच दिवसांनी माझी झोप उडवली, म्हणून लिहायला बसले आहे. नायगारा आणि न्यूयॉर्कबद्दल इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी ती दोन्ही पाहिलेली नाहीत.

कॅरी

माझी मुलगी अंजली नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी राहते. ती डॉक्टर, जावई श्रीकांत इंजिनियर. पाइनच्या झाडांत लपलेली घरं, प्रत्येक घरापुढे कातरलेलं गवत, आणि सकाळी आठनंतर चिटपाखरू नाही. जो तो गाडीत बसून कामाला जातो. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. कराडात मी रोज नदीपर्यंत चालत जाणारी बाई, इथे मला कोंडल्यासारखं व्हायला लागलं. चालायला बाहेर पडावं तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी गाडी थांबवून विचारणार, "सगळं ठीक आहे ना?" या देशात पायी चालणारा माणूस संकटात सापडलेलाच असतो, अशी त्यांची ठाम समजूत दिसली.

घरात बोलायला शालन होती. शालन माझीच विद्यार्थिनी, सातवी पास. लग्नानंतर तीन वर्षांत नवऱ्यानं टाकली, पदरात सुनी नावाची मुलगी. अंजलीला नील झाला, तो आठ महिन्यांचा असताना ती कामावर परत जायला निघाली आणि तिनं मला लिहिलं, "आई, विश्वासाची बाई बघ." मी शालन बघितली. तिच्या आईच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन, मी शब्द दिला: दोन वर्षांत पोरगी परत आणते. चार वर्षांची सुनी आजीकडे राहिली. त्याला आता तीन वर्षं उलटून गेली होती. पगार तिच्या आईला वेळच्या वेळी पोचत होता, कपडेलत्ते चांगले होते, अंजली तिच्याशी कधी वरच्या आवाजात बोलत नसे. "ती आता घरातलीच आहे," असं अंजली सगळ्यांना सांगायची. मीही तेच सांगायचे.

गावातल्या वाचनालयात मला डोरोथी भेटल्या. बहात्तर वर्षांच्या, काटकुळ्या, निवृत्त ग्रंथपाल, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या. मी काय शिकवायचे ते त्यांनी विचारलं, मी माझा तो दोन गुणांचा प्रश्न सांगितला. त्या हसल्या. "आणि त्या राष्ट्राध्यक्षाच्या आधी तीस वर्षं दारोदार कोण फिरत होतं, ते नाही का शिकवलंत?" मला राग आला. अठ्ठावीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती. पण प्रश्न डोक्यात बसला आणि मी रोज वाचनालयात जायला लागले. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, "मी पेनसिल्व्हेनियाला बहिणीकडे चालले आहे. चला, दाखवतेच."

मी एका पायावर तयार. फक्त गुडघा दुखत होता, म्हणून शालनला बरोबर न्यायचं ठरवलं. अंजलीला ते पटेना. "आई, नीलला कोण बघणार? मला दोन शिफ्ट्स कॅन्सल करायला लागतील."

"कर की मग."

"तू ना, उगाच प्रॉब्लेम क्रिएट करतेस."

निघताना नील शालनच्या पदराला लोंबकळला. "नो! आय वॉन्ट शालन!" शालननं त्याला कुरवाळून खाली ठेवलं आणि वळून न बघता गाडीत बसली. तीन वर्षांत ती अंजली-श्रीकांतशिवाय पहिल्यांदाच बाहेर पडत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

व्हर्जिनिया

डोरोथींची गाडी लांबलचक आणि जुनी, मागच्या सीटवर पुस्तकांचे खोके. शालननं थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. व्हर्जिनियात शिरल्यावर हायवेच्या कडेला विश्रांतीसाठी बांधलेल्या जागी आम्ही थांबलो. झाडं लाल-पिवळी झालेली, ऊन कोवळं. डोरोथींनी चटणीचा मोठा घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढे केला. बाई मला आवडली.

एवढ्यात लक्षात आलं, किल्ली गाडीच्या आतच राहिली आणि दारं बंद. कोणीतरी फोन केला, एक पोलीस आला. तरणाबांड, हसतमुख. पातळ पट्टी काचेच्या फटीतून सरकवून त्यानं दोन मिनिटांत दार उघडलं, टोपीला हात लावला आणि गेला. आमच्याकडे असता तर आधी गाडी कोणाची, लायसन काढा, असं अर्धा तास चाललं असतं. मी शालनला ते सांगायला वळले तर शालन नाही.

ती बायकांच्या संडासात होती. दार आतून लावलेलं. मी हाका मारल्या तेव्हा आतून बारीक आवाज आला, "गेला का त्यो?"

"कोण? पोलीस? अगं, तो किल्ली काढायला आला होता."

"कागद मागितले असते तर काय दाखिवलं असतं?"

"पासपोर्ट कुठाय तुझा?"

"ताईंकडं. बँकंतल्या लाकरात. ताई म्हनल्या, एकटी भायेर जाऊ नगंस, पोलीस धरतील."

ती बाहेर आली ती आधी रस्त्याकडे बघत. मी तिला पाणी पाजलं आणि म्हणाले, "अगं, हरवू नये म्हणून ठेवलाय." आमच्या घराण्याची ही रीतच आहे. महत्त्वाचा कागद कोणाचाही असो, तो घरातल्या शहाण्या माणसाच्या कपाटात राहायचा. अंजलीची सर्टिफिकिटंसुद्धा माझ्याच ट्रंकेत असायची. शालन खोके सरकवून मागच्या सीटवर जाऊन बसली. पण मला मात्र पुढच्या प्रवासात धड खिडकीबाहेर बघवेना.

दुपारी आम्ही तंबाखूच्या एका जुन्या मळेमालकाचा बंगला पाहिला. पांढरे खांब, चकाकणारी लाकडी जमीन, आणि घेरदार झगा घातलेली वाटाडी. ती खोल्या दाखवत, गोड आवाजात सांगत चालली होती. जेवणघर, मालकिणीची शिवणाची पेटी, मुलांचे पाळणे. त्या पाळण्याशी थांबून ती म्हणाली, "मुलांना इथले नोकर सांभाळत. ते अगदी घरातलेच असत."

डोरोथींनी काठी जमिनीवर आपटली. "नोकर नव्हे. गुलाम. आणि त्यांची स्वतःची मुलं कुठे झोपत?"

वाटाडी लाल झाली. तिला ते ठाऊक नव्हतं. शालननं मला विचारलं, "काय म्हनाल्या त्या?" मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. 'घरातलेच' हा शब्द माझ्याच तोंडून मराठीत बाहेर पडला. शालन पाळण्याच्या कठड्यावरून बोट फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, सुनी आता साताची झाली."

माझ्या मनानं लगेच वकिली सुरू केली. कुठे ते गुलाम आणि कुठे ही! हिला पगार आहे, हिला कोणी विकत घेतलेलं नाही, हिला कोणी मारत नाही. सगळं खरं होतं. ते मी त्या रात्री मोटेलच्या गादीवर इतक्या वेळा स्वतःला सांगितलं की शेवटी माझाच संशय यायला लागला.

पेनसिल्व्हेनिया

डोरोथींची बहीण मार्गारेट एका टेकडीवरच्या दगडी घरात राहते. दोघी क्वेकर. हा ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ: देवळात मूर्ती नाही, पुजारी नाही, सगळ्यांनी मिळून मुकाट बसायचं. मार्गारेटनी भोपळ्याची 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, वाढली. भोपळ्याचे घारगे खाणाऱ्या मला ती परकी वाटली नाही. चहा आला तो मात्र बिनसाखरेचा. मी साखर मागितली तर दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्यांच्या पणजीनं साखर सोडली होती. ऊस गुलाम लावत, साखर गुलाम काढत, म्हणून या भागातल्या कित्येक बायकांनी साखर आणि गुलामांच्या हातचं सुती कापड घरात येऊ दिलं नाही. मुलं कुरकुरत, नवरे वैतागत. त्या मंडळं काढत, शिवणकाम विकून चळवळीला हातभार लावत, पळून आलेल्यांना माळ्यावर लपवत. "आणि आमच्या बायकांनीच सगळं केलं असं समजू नका," मार्गारेट म्हणाल्या. "काळ्या बायकांनी आपापली मंडळं आधीच काढली होती. पकडलं गेलं तर आमच्या पणजीला दंड झाला असता. त्यांना परत साखळी पडली असती." पणजीची आठवण म्हणून त्या घरात रविवारचा चहा अजूनही बिनसाखरेचा होतो. दोन दिवस आधीच आलेल्या पाहुणीसाठी त्यांनी रविवार शुक्रवारी आणला होता.

मला माझी आई आठवली. तिसाच्या चळवळीत तिनं विलायती लुगडी होळीत टाकली. मी तेव्हा कडेवर होते, पण गोष्ट शंभरदा ऐकलेली. ती मी ऐटीत सांगितली. दोघींनी कौतुक केलं. मग शालननं विचारलं, "एवढं गठुडं होळीपातूर कुनी नेलं?" ते आमच्या मोलकरणीनं डोक्यावरून नेलं होतं. हे त्या गोष्टीत कधी येत नसे. तिला स्वतःला नेसायला धड लुगडं होतं की नाही, हे तर मी आयुष्यात विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मार्गारेटनी आम्हाला गावातल्या जुन्या कागदांच्या खोलीत नेलं. मेजावर काचेखाली एक लांब अर्ज होता, कागदाला कागद चिकटवून वाढवलेला. गुलामगिरी बंद करा, असा सरकारला अर्ज. खाली बायकांच्या सह्या, ओळीनं. कोणाचं अक्षर मोत्यासारखं, कोणाचं कोंबडीच्या पायांचं. काही ठिकाणी नुसती फुली आणि शेजारी दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाव. आपल्याकडे अंगठा, तिथे फुली. बायका थंडीवाऱ्यात दारोदार फिरल्या होत्या. कुठे तोंडावर दार लावून घेतलं, कुठे नवऱ्यांनी हाकलून दिलं. मतदानाचा हक्क नव्हता, अर्ज तेवढा करता येत होता.

मी सह्या मोजू लागले. एवढ्या बायका, आणि माझ्या पेपरात एकीलाही अर्धा गुण नाही! मी विचारलं, "मग हे अर्ज वाचून सरकारनं काय केलं?"

"वाचलेच नाहीत," डोरोथी म्हणाल्या. "तसा नियमच केला होता. कित्येक वर्षं अर्ज आले की न वाचता बाजूला ठेवायचे."

मी ते शालनला सांगितलं. ती काचेवर वाकून त्या फुल्या बघत होती. "मग बायकांनी काय केलं?"

"पुन्हा लिहिले."

तिनं मान हलवली आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मला तिथून बाहेर पडावंसं वाटलं. का, ते कळेना.

रविवारी आम्ही त्यांच्या प्रार्थनाघरात गेलो. साधी खोली, समोरासमोर बाकं, पन्नासेक माणसं. तासभर गप्प बसायचं, आतून काही सुचलं तर उठून बोलायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच. पहिल्या पाच मिनिटांत माझा गुडघा, नाक आणि पदर तिन्ही बंड करून उठले. शालन माझ्या शेजारी दिसेना. मागे वळून बघितलं तर ती भिंतीलगतच्या अगदी शेवटच्या बाकावर एकटी बसली होती. ते बाक बाकीच्यांपासून दूर होतं. मला वाटलं, बसली आपली कुठेतरी.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सगळी खोली अस्वस्थ झाली आहे. माना किंचित वळत होत्या, कोणी खाकरत होतं. मार्गारेटनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. डोरोथी उठल्या. ठक ठक काठी टेकत, सगळ्या बाकांमधून मागे गेल्या आणि शालनच्या शेजारी बसल्या. उरलेला वेळ दोघी तिथेच बसल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं. डोरोथींनी सरळ सांगितलं. "ते बाक काळ्या लोकांसाठी होतं. आमच्या बायका दिवसभर अर्ज घेऊन फिरायच्या आणि इथे आल्या की काळ्या बायकांना मागे बसवायच्या. पणजीसुद्धा. आम्ही ते बाक मुद्दाम ठेवलंय, पण त्यावर कोणी बसत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर कराडच्या स्वयंपाकघराची खिडकी आली. तिच्यात कान तुटलेला एक कप पालथा असतो. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या हिराबाईंचा. चळवळीतल्या आईच्या घरात तो होता, तिच्या शिकलेल्या मुलीच्याही घरात आहे. मी डोरोथींना हे सांगितलं नाही. लाज वाटली.

शालन अंगणात मेपलच्या झाडाखाली उभी होती. "तिथं का जाऊन बसलीस?" मी विचारलं.

"दाराच्या जवळ बसायची सवय हाय मला." मग पायाखालची पानं सारत, "गप बसल्यावर सुनीची लई आठवन आली, बाई."

"तुला परत जायचंय का?"

"ताईस्नी तीनदा इचारलं. त्या म्हनल्या, नील शाळंत जाऊ दे. व्हिसा वाढीवला तवा मला म्हाईत पन न्हवतं."

"मग मला नाही कळवायचं?"

तिनं मान वर केली. "तुमास्नी पत्र धाडलं हुतं की. पंचमीच्या टायमाला."

आणि मला आठवलं. गेल्या वर्षीचं, निळं, आंतरदेशीय नसून परदेशी पाकीट. 'बाई, मला घरी न्या. दोन वर्षं झाली.' मी ते शाळेतून आल्या आल्या उभ्यानं वाचलं होतं. उत्तरही लिहिलं होतं: धीर धर, ताईची अडचण होईल, अमेरिकेत राहायची संधी सगळ्यांना मिळत नाही. वर तिचं अक्षर सुधारलं म्हणून शाबासकी दिली होती. मग ते पत्र मी विजेच्या बिलांबरोबर तारेला टोचून ठेवलं. वर्षभर ते तिथेच होतं. नियम कोणी केला नव्हता, तरी मी तो पाळला होता.

झाडाखाली मला रडू कोसळलं. शालनच माझी पाठ थोपटत राहिली, त्यामुळे ते आणखीनच वाढलं.

परत कॅरी

परतीच्या दोन दिवसांत मी काय बोलायचं याची उजळणी केली आणि घरात पाऊल टाकताच सगळी विसरले. चपला काढायच्या आत म्हणाले, "अंजली, शालनचा पासपोर्ट दे."

"अगं, सेफ आहे तो. लॉकरमध्ये."

"सेफ कोणासाठी?"

"आई, प्लीज! आम्ही काय तिला डांबून ठेवलंय का? घरातलीच आहे ती."

"घरातल्या माणसाला पोलीस बघून संडासात लपायला लागत नाही."

अंजलीचा चेहरा उतरला. श्रीकांत टीव्ही बंद करून उठला आणि पुन्हा बसला. मग अंजली रडायला लागली. "तूच आणून दिलीस ना तिला? आता मीच वाईट? माझ्या नाइट ड्यूटीज, डे-केअरला सहा महिन्यांची वेटिंग लिस्ट. मी काय करू?"

ती खोटं बोलत नव्हती. तिची कोंडी खरी होती आणि ती सोडवायला मीच दुसऱ्या आईला तिच्या पोरीपासून उचलून आणलं होतं. "मी आणून दिली," मी म्हणाले, "म्हणून मीच परत पाठवणार. नीलला मी सांभाळीन."

"तू? तू दोन दिवस घरात बसत नाहीस!"

"बसेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बँकेत गेलो. लॉकरमध्ये माझ्या पाटल्या होत्या, नीलचा जन्मदाखला होता, आणि प्लास्टिकच्या पिशवीत शालनचा पासपोर्ट. अंजलीनं तो मला द्यायला हात पुढे केला. मी हात मागे घेतला. तिला ते समजलं. तिनं वळून तो शालनच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाली, "माझं चुकलं गं." शालननं उघडून आपला फोटो पाहिला. "किती बारीक हुते मी," ती म्हणाली, आणि पासपोर्ट कमरेच्या पिशवीत खोचला. तिकीट मिळेपर्यंत तो तिथेच राहिला. ती भांडी घासतानासुद्धा मधूनच तिथे हात लावून बघायची.

ती पंधरा दिवसांनी गेली. मी मेपर्यंत राहिले. नायगाराचं आरक्षण रद्द केलं. नीलच्या मागे धावताना, एकटीच्या दुपारी, त्या कातरलेल्या गवताकडे बघताना मला वेड लागायची पाळी आली. सहा महिन्यांत माझी ही गत झाली. शालननं तीन वर्षं काढली होती.

कराड

परत आले त्याच आठवड्यात खिडकीतला कप काढून टाकला आणि हिराबाईंना आमच्यातल्या कपात चहा दिला. त्यांनी कप फिरवून फिरवून पाहिला. "का वं बाई? माजा फुटला का?" "हो, फुटला," असं म्हणाले. डोरोथींनी हे ऐकलं असतं तर काठी आपटली असती.

शालनची चौकशी करायला तिच्या घरी गेले. त्याच ओसरीवर बसले. शालन तिथल्या अंगणवाडीत कामाला लागली होती. सुनी आजीच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. दोन वेण्या, दात पडलेले. अमेरिकेहून आणलेली रंगीत खडूंची पेटी मी पुढे केली. "आईला दाखव जा," म्हणाले. तिनं पेटी घेतली, वळली आणि आजीला दाखवली. "आई, बघ," म्हणाली.

शालन समोरच होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चहात साखर ढवळत राहिली. सहा महिन्यांनंतरही असं, हे मला बघवेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच मला समजावलं.

"व्हईल तिला माझी सवय, बाई. नीलला पन वेळ लागला हुता."